जुन्या पिकअपचं 'पानिपत' टाळा!
पानिपतमध्ये ब्लँकेट, चादरी आणि सुताचे गठ्ठे वाहणारे पिकअप सर्रास दिसतात. पण हा जिल्हा दिल्ली एनसीआरमध्ये येतो. इथे 10 वर्षांवरील डिझेल आणि 15 वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवरची बंदी सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये कायम ठेवली. पुढे त्यात बदलही झाले. म्हणून जुन्या गाडीवर पैसे घालण्याआधी आरसीवरची नोंदणीची तारीख पाहा आणि परिवहन कार्यालयात सध्याचा नियम विचारा.

गाडी रस्त्यावर राहणार असेल, तर पहिला खर्च ब्रेक, टायर, कूलंट आणि पाट्यांवर करा. म्युझिक सिस्टीम, चकचकीत दिवे नंतर. आणि लक्षात ठेवा, जादा पाटा बसवला म्हणून आरसीवरची वजनमर्यादा वाढत नाही!