कापणारा कोण?

विषाणू पेशीत शिरला की तो बाहेरून दिसत नाही. तरी रोगप्रतिकारक यंत्रणेतल्या टी पेशींना त्याचा सुगावा लागतो, कारण शरीरातल्या बहुतेक पेशी आपल्या आतल्या प्रथिनांचे आठ-दहा अमिनो आम्लांचे तुकडे पृष्ठभागावर मांडून ठेवतात. त्यांना धरून ठेवणारे रेणू म्हणजे ‘एमएचसी वर्ग १’. पण हे तुकडे पाडतं कोण?

पेशीत प्रथिनं तोडणारी विकरं पुष्कळ. त्यातलं नेमकं कोणतं, हे शोधायला एकेकाचं काम बंद पाडून बघायचं. मलेरियावरचं औषध क्लोरोक्विन लायसोसोम या पेशीतल्या पचनपिशवीतली मोडतोड रोखतं. ऐंशीच्या दशकात दिसलं, की त्यामुळे बाहेरून गिळलेल्या प्रथिनांचं, म्हणजे ‘एमएचसी वर्ग २’ या दुसऱ्या प्रकारच्या रेणूंवरचं सादरीकरण थांबतं; वर्ग १ चं चालूच राहतं. म्हणजे कात्री दुसरीच. संशय पेशीद्रवातल्या प्रोटिअसोम या प्रथिनं तोडणाऱ्या विकर-संकुलावर होता, पण जिवंत पेशीत त्याला अडवणारं रसायन हाताशी नव्हतं.

तसं रसायन १९९४ मध्ये संशोधक केनेथ रॉक आणि आल्फ्रेड गोल्डबर्ग यांच्या गटांनी वापरून दाखवलं. अंड्याच्या पांढऱ्यातलं ओव्हाल्ब्युमिन त्यांनी थेट पेशीद्रवात घातलं. पेप्टाइड आल्डिहाइड जातीचे रोधक दिल्यावर त्याचा आठ अमिनो आम्लांचा ओळखीचा तुकडा पृष्ठभागावर येईना.

इथे कुणीही शंका काढेल: पेशीच आजारी पडली असेल तर? म्हणून तोच तुकडा पेशीकडून आधीच आखूड बनवून घेतला. रोधक असूनही तो पृष्ठभागावर पोचला. बाकीची यंत्रणा शाबूत होती, अडलं होतं ते फक्त कापणं. दुसरी शंका जास्त बोचरी, कारण हेच रोधक कॅल्पेन आणि कॅथेप्सिन या प्रथिनं तोडणाऱ्या दुसऱ्या विकरांनाही अडवतात. त्यावर उपाय म्हणून कॅल्पेनला तितकंच अडवणारा, पण प्रोटिअसोमवर दुबळा पडणारा जुळा रेणू वापरला. त्याने तसा परिणाम झाला नाही. माझ्या मते त्यांच्या शोधनिबंधाचा जीव या दोन पडताळण्यांतच आहे.

पुढच्या वर्षी जपानी संशोधक सातोशी ओमुरा यांना जिवाणूत सापडलेलं लॅक्टासिस्टिन प्रोटिअसोमलाच चिकटतं हे कळलं आणि अधिक नेमका रोधक मिळाला. (रक्ताच्या एका कर्करोगावरचं बोर्टेझोमिब गोल्डबर्ग यांनी स्थापलेल्या कंपनीच्या प्रोटिअसोम-रोधकांवरील कामातून आलं; २००३ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली.)

गोष्ट तेवढ्यावर मिटली नाही. काही तुकडे रोधक दिल्यावरही येत राहतात, काही तर वाढतात. प्रोटिअसोम काही तुकडे मधोमध चिरून निकामीही करतो; तो थांबला की असे तुकडे वाचतात आणि दुसरी विकरं त्यांची टोकं छाटून मापात आणतात.