बंद खोलीतील धूर

पनवेल तालुक्यात पावसाळा सुरू झाला की खाचरांत व गटारांत पाणी साचते आणि सायंकाळी डासांचा उपद्रव वाढतो. पावसाची झड आत येऊ नये म्हणून खिडक्या लावून घेतल्या जातात आणि त्याच बंद खोलीत मुलांच्या उशाशी डासांची कॉइल पेटविली जाते. तळोज्याच्या कारखान्यांतील धुरासंबंधी पुष्कळ बोलले जाते व ते योग्यही आहे; परंतु मूल रात्रीचे आठ-नऊ तास ज्या हवेत श्वास घेते, तिचा विचार क्वचितच होतो.

कॉइलमध्ये डासनाशक द्रव्य बहुधा शेकडा एकाहूनही कमी असते. बाकीचा भाग लाकडाचा भुसा, करवंटीची पूड इत्यादींचा असून तो ज्वाळेविना धुमसत राहतो. ज्वलन अपुरे झाल्यामुळे अतिसूक्ष्म कण व फॉर्मल्डिहाइडसारखे घसा चुरचुरविणारे वायू उत्पन्न होतात. हे कण नाकात अडकून न राहता फुप्फुसात खोलवर जातात. चीन व मलेशियात विकल्या जाणाऱ्या कॉइलींची तपासणी करून २००३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे आढळले की, एका कॉइलीतून ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण बाहेर पडतात. आमच्या घरी कोणी विडीसुद्धा ओढीत नाही, असे अभिमानाने सांगणाऱ्या पालकांस हा आकडा अवश्य सांगावा.

वर्गात तो दाखविताही येतो. शाळेच्या ओसरीवर, मुलांना दूर बसवून, पेटत्या कॉइलीवर पांढरी बशी काही वेळ उपडी धरावी. बशीवर पिवळसर, चिकट डाग धरतो. नुसत्या पाण्याने तो सहज निघत नाही.

सर्वांत निर्धोक उपाय मच्छरदाणीचा. ती नसल्यास मुले झोपण्यापूर्वी खोलीत कॉइल जाळून विझवावी, खिडकी काही काळ उघडी ठेवावी व मगच निजावे. विजेवर चालणाऱ्या द्रवाच्या यंत्रास धूर नसतो, पण औषध हवेत असतेच. बाजारात सुट्या मिळणाऱ्या डासांच्या उदबत्त्यांविषयी मात्र विशेष सावध असावे. १९६८ च्या कीटकनाशक अधिनियमान्वये अशा औषधांची नोंदणी आवश्यक आहे. वेष्टनावर नोंदणी क्रमांक नसेल तर ती वस्तू घरात आणू नये.

कपड्यांतील डांबरगोळ्यांचेही तसेच. काही बालकांच्या रक्तात जन्मतःच एका विकराची उणीव असते. डांबरगोळ्यांत ठेवलेले कपडे तसेच घातल्यास अशा तान्ह्या मुलांच्या तांबड्या रक्तपेशी फुटून कावीळ होऊ शकते. कपडे आधी धुऊन उन्हात वाळवावेत.

शाळेपुरती एक गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. शौचालय अधिक स्वच्छ व्हावे या सद्हेतूने ब्लीचिंग पावडर व ॲसिड एकत्र ओतले जाते. दोहोंच्या संयोगाने क्लोरिन वायू सुटतो. तो हवेहून जड असल्याने जमिनीलगत साचतो, आणि वाकून फरशी घासणाऱ्याच्या नाकातोंडात प्रथम शिरतो. खोकला किंवा डोळ्यांची आग सुरू होताच सर्वांना मोकळ्या हवेत न्यावे, दार उघडे ठेवावे व त्रास कमी न झाल्यास प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. सफाईचे काम विद्यार्थ्यांकडे देऊ नये. दोन्ही डब्यांवर ठळक अक्षरांत नावे लिहून ते निरनिराळ्या कपाटांत, कुलपाखाली ठेवावेत.