डाह, दस आणि दहा

आकडे म्हणायला लावले की बोलणाऱ्याच्या घराण्याचा प्रवास ऐकू येतो. पंजाबी माणूस 'दो' आणि 'दस' म्हणतो. डेरा इस्माईल खान किंवा मुलतानकडच्या घरातली आजी 'डूं' आणि 'डाह' म्हणते, आणि तिचा 'ड' आपल्या डाळीतला नसतो. स्वरयंत्र किंचित खाली ओढून, हवा आत घेतल्यासारखा तो उच्चारायचा असतो. सिंधी देवनागरीत लिहिताना अशा ध्वनींच्या अक्षरांखाली रेघ देतात: ॻ, ॼ, ॾ, ॿ. हिंदी शाळेच्या बाराखडीत ही रेघ नाही. दिल्लीलगतच्या फरीदाबादच्या भाषेची कहाणी त्या न दिलेल्या रेघेची आहे.

शहराला नाव मिळालं ते जहांगीरच्या शेख फरीद या खजिनदारावरून, १६०७ च्या सुमारास. आजचं औद्योगिक फरीदाबाद मात्र फाळणीतून उभं राहिलं. वायव्य सरहद्द प्रांतातले, विशेषतः बन्नू आणि डेरा इस्माईल खानकडचे निर्वासित इथे आले. त्यांच्यात बादशाह खानांचे अनुयायीही होते. १९४९ मध्ये राजेंद्रप्रसादांच्या अध्यक्षतेखाली फरीदाबाद विकास मंडळ स्थापन झालं. कमलादेवी चट्टोपाध्याय यांच्या इंडियन कोऑपरेटिव्ह युनियनने सहकारी संस्थांचं काम हाती घेतलं आणि निर्वासितांनी आपली घरं आपल्याच हातांनी बांधली. एल. सी. जैन यांनी १९९८ मध्ये ही हकिगत पुस्तकरूपाने मांडली. विटा, सिमेंट, रोजगार या सगळ्यांचा हिशेब तेव्हा ठेवला गेला. सोबत आलेल्या बोलींचा हिशेब मात्र कुणाच्या वहीत नव्हता. बन्नूवाली, डेरेवाली, मुलतानी या सगळ्यांना नव्या शेजाऱ्यांनी सरसकट 'पंजाबी' म्हटलं.

भाषाशास्त्रज्ञ ग्रिअर्सन यांनी तसं म्हटलं नव्हतं. त्यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणात पंजाबी नवव्या खंडात येते, तर या पश्चिमेकडच्या बोली 'लहंदा' या नावाखाली सिंधीच्या जोडीने आठव्या खंडात येतात. कारणं कानाला पटणारी आहेत. पंजाबी 'घोड़ा' लिहिते, पण बोलताना 'घ'मधला श्वास हरवतो आणि त्याच्या जागी सुराचा उतार येतो. ऐकणाऱ्याला 'कोड़ा' ऐकू येतं. मुलतानी-डेरेवाली त्याच शब्दातला 'घ' सांभाळते. पंजाबी 'मैं जावांगा' म्हणते, ही 'मैं वेसां'. पंजाबीत 'मैनूं', इथे 'मेकूं'. 'मी म्हटलं' एवढ्यासाठी 'आख्युम' हा एकच शब्द पुरतो, कारण 'मी' क्रियापदाच्या शेपटीलाच बांधलेला असतो. दो-डूं, दस-डाह, दंद-डंद अशी ओळ लागली की ती बिघडलेली पंजाबी वाटेनाशी होते. तिचे नियम तिचे स्वतःचे आहेत.

नुसत्या साम्यावरून नातं ठरवू नये, हे 'दहा' या आपल्या शब्दावरूनच समजतं. 'डाह' आणि 'दहा' या दोन्हींत संस्कृत 'दश'मधल्या 'श'चा 'ह' झाला. पण म्हणून मराठी पंजाबीपेक्षा मुलतानीच्या जवळची ठरत नाही. दूरच्या समुद्रातलं एक उदाहरण हे अधिक स्पष्ट करतं. इंडोनेशियात जावाच्या ईशान्येला मदुरा बेट आहे. मलाय भाषेत भाषेला 'बहासा' म्हणतात, मदुरीत 'भसा'. आपल्याला ओळखीचे वाटणारे हे शब्द संस्कृतातून उसने घेतलेले आहेत. त्यांवरून त्या दोघींचं रक्ताचं नातं सिद्ध होत नाही. ते सिद्ध होतं घरगुती शब्दांतून. मलाय पाऊस 'हुजान', मदुरी 'ओझन'. काळीज 'हाती', तिकडे 'आते'. घर 'रुमाह', तिकडे 'रोमा'. जमीन 'तानाह', तिकडे 'ताना'. 'ह' शब्दाच्या सुरुवातीला गळतो, शेवटीही गळतो. असा नेम सापडला की बहिणी ओळखता येतात. आणि बहीण म्हणजे सावली नव्हे: मलायमध्ये 'प' आणि 'ब' अशी दोनच घरं, तर मदुरीत श्वासाची झुळूक घेऊन येणारं तिसरंही घर आहे.

यांतली कुणी मोठी झाली ती व्याकरणाच्या बळावर नाही. मलाय ही बंदरांची, व्यापाराची भाषा होती. १९२८ च्या युवक शपथेत तिलाच 'इंडोनेशियाची भाषा' म्हणून स्वीकारलं गेलं. मदुरी लाखो लोकांच्या तोंडी राहिली, पण घरात आणि गावात.

फरीदाबादेतही सत्तेने बाजू ठरवली. १९६१ च्या जनगणनेत पंजाबातल्या असंख्य हिंदू कुटुंबांनी घरची भाषा बाजूला ठेवून मातृभाषा हिंदी लिहिली. १९६६ मध्ये भाषेच्या आधारावर राज्य विभागलं गेलं आणि फरीदाबाद हरियाणात आलं. हिंदी की पंजाबी, या भांडणात तिसऱ्या नावाला जागाच उरली नाही. सीमेपलीकडे त्याच बोलींनी १९६० च्या दशकात 'सराइकी' हे नाव धारण केलं आणि पाकिस्तानच्या १९८१ च्या जनगणनेत त्यांची वेगळी मोजणी झाली. एका तीरावर जे नाव लोकांनी मागून मिळवलं, ते दुसऱ्या तीरावर लोकांनी स्वतःच सोडून दिलं.

मराठी वाचकाने हे परकं समजू नये. कोकणी ही मराठीची बोली, असं आपल्याकडे किती वर्षं ठामपणे सांगितलं गेलं! साहित्य अकादमीने १९७५ मध्ये तिला स्वतंत्र मान्यता दिली आणि १९९२ मध्ये ती आठव्या अनुसूचीत आली. त्यामुळे मराठीचं काहीही उणं झालं नाही. मोठ्या भाषेने धाकटीला आपल्या मापाने मोजलं की धाकटी नेहमी चुकलेलीच दिसते. म्हणून तुलना करताना दोघींना शेजारी बसवावं, एकीला दुसरीच्या मांडीवर नव्हे.

डेरेवाली आजी नातवाशी बोलताना हिंदीवर येते, त्याला समजावं म्हणून. मायेपोटी केलेल्या या तडजोडीत एक आख्खी बोली ओसरत जाते. हे ओसरणं थोपवण्यासाठी मोठी संस्था लागतेच असं नाही. आजीच्या गोष्टी, म्हणी, आकडे ध्वनिमुद्रित करावेत. लिहून घेताना अक्षराखाली ती रेघ आठवणीने द्यावी. आणि जनगणनेचा माणूस दारात आला की मातृभाषेच्या रकान्यात घरात जे नाव आहे तेच सांगावं: डेरेवाली, मुलतानी, बन्नूवाली. सांगणारा जे नाव सांगेल तेच लिहून घ्यायचं, असा तिथला नियम आहे. नाव सांगणं मात्र आपल्या हातात आहे.