चाकाची खीळ

आमच्या नारायणगावकडे 'ट्रॅक' म्हटलं की लोकांना बैलगाड्याचा घाट आठवतो. माझ्या चुलतभावाला, म्हणजे दादाला, मात्र कोइंबतूरचा कारी मोटर स्पीडवे दिसतो. तिथे एकदा गाडी पळवायची म्हणून त्याने आपल्या जुन्या स्विफ्टला पुण्याहून अलॉय व्हील्स बसवून आणली. दुसऱ्या दिवशी आम्ही भीमाशंकरला निघालो. घोडेगाव सोडल्यावर मागून टकटक ऐकू यायला लागलं. डिंभ्याच्या अलीकडे गाडी थांबवून पाहतो तर काय, एका चाकाचे दोन नट हाताने फिरत होते!

मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. हे सगळं मशीन डिझाइनमध्ये शिकूनही आदल्या दिवशी मी काहीच तपासलं नव्हतं. म्हणून हा लेख. (कॉन्व्हेंटवालीचं मराठी आहे, सांभाळून घ्या.)

आपल्याला वाटतं की गाडीचं वजन नट-बोल्ट पेलतात. तसं नाही. नट चाकाला हबवर घट्ट दाबून धरतात, आणि त्या दाबामुळे होणारं घर्षण भार पेलतं. दाब कमी झाला की चाक सूक्ष्म सरकतं आणि नट आपोआप सुटू लागतात. दादाच्या हबवर गंजाचा थर होता. तो न घासताच चाक चढवलेलं. चालता चालता थर दबला आणि पकड गेली.

आता चाक घेताना काय पाहायचं?

पहिलं, पीसीडी, म्हणजे बोल्टच्या वर्तुळाचा व्यास. स्विफ्टचा 4×100 आहे. 4×98 चं चाक ओढूनताणून बसतं, पण प्रत्येक बोल्ट 1 मिलिमीटर तिरका ताणला जातो. असं चाक फुकट मिळालं तरी नको.

दुसरं, मधलं भोक. स्विफ्टचा हब 54.1 मिलिमीटरचा. बाजारातल्या चाकांचं भोक बहुधा मोठं असतं, म्हणून मध्ये रिंग हवी. नाहीतर चाक केंद्रात बसत नाही आणि वेगात स्टिअरिंग थरथरतं.

तिसरं, नटची बैठक. कोनाच्या बैठकीत गोल तोंडाचा नट लावला तर तो कडेवरच टेकतो. नट 12 मिलिमीटरच्या बोल्टवर निदान तेवढाच चढला पाहिजे. 1.25 च्या आट्याला म्हणजे साधारण दहा फेरे.

चौथं, ऑफसेट आणि भारक्षमता. चाक ब्रेक कॅलिपरला किंवा मडगार्डला घासता कामा नये.

बसवताना हब तारेच्या ब्रशने घासा, नट आधी हाताने लावा, मग समोरासमोरचे आळीपाळीने टॉर्क रेंचने आवळा. आकडा गाडीच्या मॅन्युअलमधला घ्या. नुसत्या एअर गनवर विश्वास नको. 50 ते 100 किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. ट्रॅकवर ब्रेक तापून चाकही तापतं, म्हणून प्रत्येक फेरीनंतर गाडी थंड होऊ द्या आणि परत रेंच लावा.

त्या दिवशी आम्ही नट आवळून हळूहळू घरी आलो. आजोबांनी सगळं ऐकून घेतलं. तरुणपणी ते घाटात गाडा पळवायचे. म्हणाले, "बारी सुटायच्या आधी आम्ही चाकाची खीळ हातानं चाचपायचो. तुम्ही एवढं शिकता, अन् तेवढं नाही केलं?"

दादाचं कोइंबतूर अजून व्हायचंय. टॉर्क रेंच मात्र त्याने घेतलाय.