एकच हेडलाइट लागतो? माल भरण्याआधी हे तपासा



सोयाबीन निघालं, कापसाची वेचणी सुरू आहे. ट्रॅक्टर-पिकअपच्या फेऱ्या आता वाढतील. दिवस सहाच्या आत मावळते. बाजार समितीत काट्याला उशीर झाला की परतीचा रस्ता अंधारातच.

आपला अमरावती-अकोला महामार्ग (क्र. ५३) आता गुळगुळीत आहे. जून २०२२ मध्ये इथंच एका लेनचा ७५ किमी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत डांबरून गिनीज विक्रम झाला. रस्ता चांगला, म्हणून गाड्याही जोरात. एकाच लाइटचा ट्रॅक्टर समोरच्याला दुरून मोटारसायकल वाटतो. तो तेवढीच जागा सोडतो आणि ट्रॉलीच्या कोपऱ्यावर येतो. उजवा लाइट बंद असेल तर धोका जास्त.

एक गोष्ट लक्षात ठेवा: *काय लागते ते नीट पाहिलं, की काय बिघडलं ते कळते.* संध्याकाळी गाडी भिंतीसमोर उभी करा. डिप्पर, अप्पर, पार्किंग, इंडिकेटर एकेक लावा. दुसऱ्याला समोर उभं करून विचारा.

*१) एका बाजूचा डिप्पर बंद, अप्पर चालू*
हॅलोजन बल्बमध्ये दोन तारा असतात, एक डिप्परची, एक अप्परची. त्यातली एक जळाली. बल्ब बदला.

*२) एक बाजू पूर्ण बंद*
लगेच नवा बल्ब आणू नका. दोन्ही बाजूचे बल्ब अदलाबदल करा. बिघाड बल्बासोबत दुसरीकडे गेला तर बल्ब खराब. जागीच राहिला तर त्या बाजूचा फ्यूज, होल्डर किंवा वायर पाहा.

*३) दोन्ही डिप्पर बंद, अप्पर चालू*
डिप्पर जास्त वापरतो, म्हणून दोन्ही बल्बांची तार जळालेली असू शकते. बल्ब चांगले असतील तर फ्यूज, रिले आणि डिप्परचा स्विच तपासा.

*४) एक लाइट पिवळा-मंद, इंडिकेटर दिला की लुकलुकते*
बहुतेक अर्थिंग खराब. होल्डरच्या अर्थिंगच्या टोकापासून बॅटरीच्या मायनसपर्यंत एक वायर तात्पुरती लावून पाहा. उजेड वाढला तर दोष सापडला. अर्थिंगचा नट खोला, गंज आणि चिखल पॉलिश पेपरने साफ करून घट्ट आवळा.

*५) दोन्ही मंद, रेस दिली की उजळ*
बॅटरीचे टर्मिनल, डायनामोचा पट्टा आणि चार्जिंग पाहा. १२ व्होल्टच्या गाडीत इंजिन चालू असताना मीटरवर साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसायला पाहिजे.

*६) खड्ड्यात आदळलं की बंद-चालू*
होल्डर ढिला आहे किंवा वायर कुरतडलेली आहे. पावसाळाभर गाडी कुटाराच्या ढिगाजवळ उभी असेल तर उंदरं वायर सोडत नाहीत. पूर्ण वायर हाताने चाचपून पाहा.

*हे करू नका* ⚠️
▪️ फ्यूज वारंवार उडतो म्हणून तिथं तांब्याची तार लावू नका. फ्यूज उडणं म्हणजे कुठंतरी शॉर्ट आहे. तार लावली तर वायरिंग पेटते, आणि मागं ट्रॉलीत कापूस असते. एक ठिणगी पुरे.
▪️ ५५-६० वॅटच्या जागी १०० वॅटचा बल्ब नको. करंट जवळपास दीडपट-पावणेदोनपट होतो, होल्डर वितळतो.
▪️ हॅलोजनच्या काचेला बोट लावू नका. तेलकट डागाने बल्ब लवकर जातो. चुकून लागलंच तर थंड झाल्यावर स्वच्छ कापडाने पुसा.
▪️ काम करताना चावी बंद, बॅटरीची मायनस काढलेली. फक्त तपासणीपुरती जोडा.

एलईडी हेडलाइट असेल तर बल्बची अदलाबदल होत नाही. फ्यूज आणि सॉकेट पाहा, नाहीतर मेकॅनिककडे न्या.

*रस्त्यातच एक लाइट गेला तर?*
गाडी डांबरी रस्त्याच्या खाली घ्या. फ्यूज पाहा. बल्ब जळाला असेल तर डावीकडचा चांगला बल्ब *उजवीकडे* लावा, म्हणजे समोरच्याला तुमच्या गाडीची खरी बाजू दिसेल. मग हळू चालवत जवळचा ढाबा किंवा पेट्रोल पंप गाठा. दोन्ही लाइट गेले असतील तर पुढं जाऊ नका. सकाळी निघालं तर भाव काही पळून जात नाही.

टूलबॉक्समध्ये ठेवा: एक जादा बल्ब, त्याच अँपिअरचे चार फ्यूज, टॉर्च, पाना, इन्सुलेशन टेप.

शेवटी ट्रॉलीच्या मागं जाऊन पाहा. टेललाइट लागतो का? लाल रिफ्लेक्टर पट्टी चिखलाने झाकली तर नाही ना? मागून येणाऱ्याला तेवढंच दिसते.

गाडी तुम्ही चालवत नसाल तर हा मेसेज आज चालवणाऱ्याला दाखवा. माल पोहोचला पाहिजे, आणि माणूसही घरी आला पाहिजे.