तगरपूरचे बिरुद आणि उमेदवाराची पारख

एका पदासाठी सारख्याच पात्रतेचे अनेक उमेदवार उभे राहिले म्हणजे निवड कोणत्या कसोटीवर करावी, हा प्रश्न केवळ आजच्या काळाचा नाही. दाटीत आपले वेगळेपण दुसऱ्यास कसे पटवावे, याचा विचार करण्यास धाराशिव जिल्ह्यातील तेर या गावाचा इतिहास विशेष उपयोगी पडतो.

तेर म्हणजे प्राचीन तगर. ही ओळख जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ मध्ये सप्रमाण मांडली. इ. स. च्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर हे मोठे नगर असल्याचे नमूद असून, तेथून साधे कापड व नाना प्रकारची मलमल भडोचच्या बंदराकडे जात असे, असेही सांगितले आहे. नगराची ही प्रतिष्ठा त्याच्या मालावर उभी होती.

पुढे कित्येक शतकांनी हेच नाव निराळ्या कामी आले. उत्तर कोकण व कोल्हापूर येथील शिलाहार राजे आपल्या लेखांत तगरपुराचे स्वामित्व बिरुद म्हणून मिरवितात. वस्तुतः त्यांची सत्ताकेंद्रे तेरपासून दूर होती. बिरुदाने सुचविले जाई ते कुळाचे मूळ व त्याचे पुरातनत्व. परंतु ही रीत एकट्या शिलाहारांची नव्हे. सौंदत्तीचे रट्ट लत्तलूरचे, कदंब बनवासीचे, तर यादव द्वारावतीचे अधीश्वर म्हणवीत. दक्षिणेत सार्वभौम सत्तेखाली अनेक मांडलिक घराणी मानासाठी स्पर्धा करीत असता प्रत्येकाने एकेक प्राचीन नगर आपल्या नावामागे जोडले. परिणाम असा झाला की, बिरुद नसणे हे उणेपण ठरले; पण ते असणे हे वेगळेपण राहिले नाही.

अर्थशास्त्रात या घटनेची उपपत्ती मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये रोजगाराच्या बाजारासंबंधी मांडली. नेमणूक करणाऱ्यास उमेदवाराची अंगची कुवत प्रत्यक्ष दिसत नाही. दिसतात ती तिची चिन्हे. चिन्ह उपयोगी पडण्यास एक अट आहे. कमी कुवतीच्या माणसास ते मिळविणे अधिक कष्टाचे पडले पाहिजे. सर्वांना ते सारख्याच सायासाने मिळू लागले, तर त्यावरून काहीच कळत नाही. नेट, सेट वा पीएच. डी. यांचेही असेच आहे. त्यांवाचून दार उघडत नाही. परंतु दाराशी जमलेल्या सर्वांजवळ ती असतात, तेव्हा निवडीस त्यांचे साहाय्य होत नाही.

मग वेगळेपण कशाने ठरते? त्याचे उत्तर शिलाहारांच्याच इतिहासात आहे. बाराव्या शतकातील उत्तर कोकणचा राजा पहिला अपरादित्य याचे नाव धर्मशास्त्राच्या अभ्यासकांस ठाऊक आहे, ते तगरपुराच्या बिरुदामुळे नव्हे, तर याज्ञवल्क्यस्मृतीवरील ‘अपरार्क’ टीकेमुळे. बिरुद पिढीजात मिळाले होते. टीका रचावी लागली. शिवाय ती कोणासही वाचून तपासता येते. तेरच्या वस्तुसंग्रहालयाची गोष्टही याच जातीची आहे. गावच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी परिसरात सापडणाऱ्या प्राचीन वस्तू चिकाटीने जमविल्या. आज त्या शासकीय संग्रहालयास त्यांचेच नाव आहे.

परंतु काम असणे पुरेसे नाही. ते पारखणाराही हवा. तेर हे संत गोरा कुंभारांचे गाव. परंपरा सांगते की, संतमेळ्यात मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून गोरोबाकाकांनी थापटण्याने एकेकाच्या मस्तकाची परीक्षा केली आणि नामदेवांना कच्चे मडके ठरविले. कुंभाराची परीक्षा आवाजावर चालते. पक्के भाजलेले मडके खणखणते, कच्चे वा तडकलेले बद बोलते. वरचा रंग पाहून हे समजत नाही. कथेचा पुढील भागही ध्यानात घेण्याजोगा आहे. नामदेव विसोबा खेचरांकडे गेले व त्यांनी गुरूपदेश घेतला. कच्चेपणाचा निर्णय हा अखेरचा निर्णय नव्हता.

यावरून उमेदवाराने घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. अर्जात ‘परिश्रमी’, ‘संशोधनाची आवड असलेला’ अशी विशेषणे रचणे म्हणजे नगरांची नावे जोडणे होय. त्याऐवजी संपादिलेला एखादा ताम्रपट, तयार केलेली एखादी सूची, शिकविलेला विषय व त्यात केलेला बदल, असे तपासता येण्याजोगे काम थोडक्यात मांडावे. तथापि जबाबदारी एकट्या उमेदवाराची नाही. निवडसमित्या केवळ प्रमाणपत्रे व शोधनिबंधांची संख्या मोजू लागल्या, तर विद्यार्थी तेवढेच जमवितील, आणि त्याबद्दल त्यांस दोष देता येणार नाही. निबंध वाचून पाहणे, अध्यापन प्रत्यक्ष ऐकणे व नाकारलेल्यास त्याचे उणे कोठे आहे ते सांगणे, ही थापटणे हाती असलेल्यांची कर्तव्ये होत.