अठ्ठावीस दिवसांचा नेम

गेल्या वर्षीची, जानेवारीतली गोष्ट. शेजारी हळदीकुंकवाला निघाले होते. साडी नेसून झाली, गजरा माळला आणि सवयीने हात कपाटातल्या डब्याकडे गेला. डबा रिकामा! पाटल्या बँकेत होत्या. आदल्या वर्षी सासऱ्यांच्या ऑपरेशनला ४०,००० रुपये कमी पडले, तेव्हा मीच त्या काढून दिल्या होत्या. "सहा महिन्यांत सोडवू," असं हे म्हणाले होते. त्यांचं चुकलं असं नाही. सहा महिने कुठे गेले तेच आम्हाला कळलं नाही.

हातात काचेच्या बांगड्या घालून गेले. कुणी विचारलंही नाही. पण घरी आल्यावर हिशेबाची वही काढली. सोनेतारणाचं व्याज ९ टक्के. म्हणजे ४०,००० रुपयांवर वर्षाला ३,६००, महिन्याला ३०० रुपये. मुद्दलातला एक रुपया कमी न होता दर महिन्याला ३०० रुपये नुसते जात होते. आणि आम्ही दोघंही "यंदा जरा ओढाताण आहे" एवढंच म्हणत होतो.

मैत्रिणींनो, वही म्हणजे आरसाच असतो. फक्त त्यात बघायची तयारी हवी. त्या रात्री मी जानेवारीचे वरवरचे खर्च वेगळे काढले. रविवारची मिसळ, भेळ, पार्सल मिळून १,८५०. मुलांची चिप्सची पाकिटं आणि थंड पेयं ६४०. फरसाण आणि बेकरी ७२०. ह्यांचा टपरीवरचा चहा आणि पान, रोजचे ३० प्रमाणे २६ दिवसांचे ७८०. कोपऱ्यावरच्या दुकानातही गाडीवरून जायचं, त्याचं जादा पेट्रोल धरून चाला ५००. मोबाइलचा वरचा डेटा आणि सिनेमे बघायची वर्गणी ४५०. शिवाय मोबाइलवरून मागवलेला एक ड्रेस, दोन डबे, एक तोरण, असे १,९६०. बेरीज झाली ६,९०० रुपये.

मी दोनदा बेरीज केली. एकही खर्च मोठा नव्हता. एकानेही उधळपट्टी केली नव्हती. पण ६,९०० रुपये घरातून गेले होते आणि त्यातलं तोरण सोडलं तर डोळ्यांना दिसेल असं काही उरलं नव्हतं. पूर्वी पाकिटातली नोट मोडताना जीव थोडा तरी कचरायचा. आता मोबाइल पुढे धरला की काम झालं. पैसे गेल्याचं हाताला कळतच नाही.

दुसऱ्या दिवशी जेवताना मी विषय काढला. "आता काटकसर करायची," म्हटल्याबरोबर सगळ्यांचे चेहरे पडले. मुलगा सातवीत. तो म्हणाला, "म्हणजे कायमचं?" तेव्हा सासूबाई बोलल्या, "कायमचं कशाला? चातुर्मासात नाही का आपण नेम करत? कुणी कांदालसूण सोडतं, कुणी वांगं सोडतं. आषाढी ते कार्तिकी. दिवस ठरलेले असतात म्हणून तर पाळला जातो."

किती साधी गोष्ट! आपल्या आज्या-पणज्यांना हे पक्कं ठाऊक होतं. नेमाला सुरुवात असते, शेवट असतो आणि शेवटी उद्यापन असतं. आम्ही महिना ठरवला फेब्रुवारी. मुलगा हुशार, म्हणाला, "अठ्ठावीसच दिवस आहेत, चालेल!"

पहिली यादी चुकली

आता खरी गंमत सांगते. गंमत म्हणजे काय, शिकवणच म्हणा. काय काय बंद करायचं ते लिहायला मीच बसले आणि भराभर लिहून टाकलं. माझ्या चष्म्याचा नंबर पुढच्या महिन्यात काढू. दुधाचा अर्धा लिटर कमी, मला काही दूध लागत नाही. चप्पल शिवून घेईन. माझं मासिक बंद. माहेरची फेरी रद्द.

मुलगी अकरावीत आहे. तिने वही ओढून घेतली, वाचली आणि म्हणाली, "आई, ह्या पाचही गोष्टी तुझ्याच आहेत."

मी गप्पच झाले. ६,९०० रुपयांच्या यादीतलं एकही नाव ह्या यादीत नव्हतं. घरात पैसे कमी पडले की बाईचा हात आधी स्वतःच्या ताटाकडे जातो. कुणी सांगावं लागत नाही. आणि त्याला आपण कौतुकाने काटकसर म्हणतो! २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. निम्म्याहून जास्त! अशा बाईने दूध, फळ, गोळ्या सोडून पैसे वाचवले, तर वाचवलेले सगळे पुढे दवाखान्यात जाणार. मग वाचलं काय?

ती यादी मुलीने फाडली आणि आम्ही नव्याने बसलो.

गरज, सोय, हौस

वहीत तीन रकाने आखले. पहिला गरजेचा. त्यात किराणा, दूध, भाजी, गॅस, वीजबिल, मुलांची फी, सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या, माझा चष्मा, मुलीचे पॅड, विम्याचा हप्ता आणि बचत गटाचा हप्ता. भांडीवाल्या मावशींचा पगारही ह्याच रकान्यात. आपल्या बचतीसाठी त्यांचं महिन्याचं गणित बिघडवायचा आपल्याला अधिकार नाही. ह्या रकान्याला हात लावायचा नाही, हा पहिला नियम.

दुसरा रकाना सोयीचा. गाडीवरून जाणं, फरसाण, वरचा डेटा. जिथे चालत जाता येतं, घरी करता येतं, ते महिनाभर तसं करायचं.

तिसरा हौसेचा. बाहेरचं खाणं, मोबाइलवरची खरेदी, पाकिटं. हा रकाना २८ दिवस पूर्ण बंद. मात्र प्रत्येकाने स्वतःची एक वस्तू स्वतःच्या तोंडाने सोडायची. दुसऱ्याने दुसऱ्याची सांगायची नाही. मुलाने पाकिटं सोडली. मुलीने मोबाइलवरचे कपडे सोडले. सासूबाईंनी बेकरीची खारी सोडली, त्यांना ती चहाबरोबर रोज लागायची. मी तोरणं-डबे सोडले. ह्यांनी बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, "चहा पूर्ण नाही सुटणार. एकच घेईन, पान नाही." तेही मान्य केलं. न पाळता येणारा नेम करण्यापेक्षा अर्धा पाळलेला बरा.

दुसरा महत्त्वाचा नियम पैशांचा. "महिनाअखेर उरतील ते भरू" असं ठरवलं की काही उरत नाही, हा माझा वीस वर्षांचा अनुभव आहे. म्हणून पगार झाला त्याच दिवशी ५,००० रुपये सोनेतारणाच्या खात्यात भरले. त्याआधी बँकेत जाऊन विचारून घेतलं की मध्येच थोडी रक्कम भरता येते का आणि भरल्यावर व्याज कमी झालेल्या मुद्दलावर लागतं का. हे ज्याने त्याने आपल्या बँकेत विचारून, लेखी बघून घ्यावं. सगळीकडे नियम सारखे नसतात.

कसा गेला महिना?

पहिला आठवडा उत्साहात गेला. घरी चिवडा केला, शेंगदाण्याची चिक्की केली. दुसऱ्या आठवड्यात कुरबुर सुरू. मुलगा शाळेतून येऊन म्हणाला, "सगळे खातात, मी एकटाच बघत बसतो." वाईट वाटलं. पण त्याला पाटल्यांची गोष्ट सांगितली, आजोबांच्या ऑपरेशनची सांगितली. मुलांपासून आपण पैशांच्या गोष्टी लपवतो. खरं सांगितलं तर मुलं समजून घेतात. त्यानेच मग भिंतीवर २८ चौकोन काढले आणि रोज रात्री एक रंगवायला लागला.

तिसऱ्या आठवड्यात नात्यात लग्न निघालं. आहेराचे ५०० रुपये गेले. एकदा अचानक पाहुणे आले, तेव्हा बाहेरून ३१० रुपयांचं आणलं. दारात आलेल्या माणसाला नेमाचं कारण सांगायचं नसतं. ह्यांचा चहा निम्माच सुटला, त्यामुळे ३९० रुपये कमी वाचले. एकूण हिशेब असा: ६,९०० मधून १,२०० वजा, म्हणजे ५,७०० रुपये राहिले. ५,००० आधीच भरले होते. वरच्या ७०० मधून १ मार्चला सगळ्यांनी जाऊन मिसळ खाल्ली, ३२० रुपयांची. उद्यापन करायला नको का? राहिलेले ३८० मुलांच्या डब्यात टाकले. ती मिसळ दर रविवारच्या मिसळीपेक्षा कितीतरी चवदार लागली, हे सगळ्यांनी कबूल केलं.

एका महिन्याने ४०,००० फिटत नाहीत, हे उघड आहे. पण नेम संपल्यावर सगळं पूर्वीसारखं झालं नाही. पाकिटं आणि मोबाइलवरची खरेदी आपोआप कमी झाली. त्यातून महिन्याला २,००० रुपये भरायला लागलो. आषाढात पुन्हा एकदा नेम केला, आणखी ५,००० गेले. दिवाळीच्या बोनसमधले १०,००० भरले. व्याज वेगळं भरत होतो, पण मुद्दल उतरेल तसं तेही उतरत गेलं.

वाचलेले पैसे कुठे ठेवायचे?

ज्यांच्या डोक्यावर कर्ज आहे, त्यांनी आधी ते उतरवावं. कर्जाचं व्याज भरत राहायचं आणि तेच पैसे कमी व्याजावर ठेवायचे, ह्यात शहाणपण नाही. कर्ज नसेल तर पोस्टाचं आवर्ती खातं आहे. महिन्याला कमीत कमी १०० रुपयांपासून उघडता येतं, मुदत पाच वर्षांची. लहान मुलगी असेल तर २०१५ साली सुरू झालेली सुकन्या समृद्धी योजना आहे. मुलगी दहा वर्षांची व्हायच्या आत खातं उघडावं लागतं आणि वर्षाला किमान २५० रुपये भरावे लागतात.

बँकेतल्या ठेवीला एका बँकेत एका व्यक्तीमागे ५ लाख रुपयांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे. २०२० सालापर्यंत ते १ लाखच होतं. पतसंस्थेतल्या ठेवीला मात्र हे संरक्षण नाही, तेव्हा जास्त व्याजाच्या मोहात सगळी पुंजी एका ठिकाणी ठेवू नका. भिशी तर निव्वळ विश्वासावर चालते. आणि डाळीच्या डब्यातले पैसे? ८ नोव्हेंबर २०१६ला ५०० आणि १,००० च्या नोटा बंद झाल्या, तेव्हा किती जणींना ते डबे नवऱ्यापुढे उघडावे लागले, ते आठवा. अडीनडीला थोडे घरात असावेत, पण बाकीचे स्वतःच्या नावाच्या खात्यात असलेले बरे. "स्वतःच्या नावाच्या" हे शब्द दोनदा वाचा.

बचत गटातल्या मैत्रिणींना हे नवं नाही. बचत गटांना बँकेशी जोडायचं काम नाबार्डने १९९२मध्ये सुरू केलं. आज गावोगावच्या बायका ठरलेल्या दिवशी जमतात, ठरलेली रक्कम भरतात, रजिस्टरमध्ये लिहितात, सह्या करतात. गटात हे जमतं, मग घरात का जमू नये? घरातही महिन्याचा एक दिवस ठरवा, वही मध्ये ठेवा आणि सगळ्यांना बोलू द्या.

एक गोष्ट मात्र नक्की सांगायला हवी. ज्या घरात हौसेचा रकाना मुळातच कोरा आहे, तिथे हा नेम सांगायला जाऊ नये. मार्च २०२०च्या टाळेबंदीत आपण सगळ्यांनीच खर्च थांबवले. पगार चालू होता त्यांचे पैसे वाचले. मजुरी बंद पडली त्यांच्याकडे थांबवायला काही नव्हतंच. गरजेच्या रकान्यातून कापलेल्या पैशाला बचत म्हणत नाहीत, ती उपासमार असते. आपल्या घरातली ती उपासमार एकट्या बाईच्या वाट्याला येत नाही ना, एवढं बघावं.

यंदा जानेवारीच्या अखेरीला पाटल्या घरी आल्या. हळदीकुंकवं तोवर आटोपली होती! मी म्हटलं, ठेवून देते डब्यात. सासूबाई म्हणाल्या, "घाल आत्ताच. पोळ्या करतानाही शोभतात." घातल्या. पोळपाटावर त्यांचा आवाज ऐकून मुलगी आतून म्हणाली, "आई, फेब्रुवारी आला. यंदा कुणासाठी नेम?"

यंदा तिच्या कॉलेजच्या फीसाठी. वही काढून ठेवली आहे. तुम्हीही आज रात्री जेवणं झाली की काढा. आणि बंद करायच्या गोष्टींची यादी एकटीने लिहू नका बरं का!